शिवणवर्गातली औषधपेटी

मी एक जुनी औषधपेटी आहे. पत्र्याची, पांढऱ्या रंगाची. झाकणावर लाल अधिकचं चिन्ह आहे, पण त्याची उभी रेघ बरीचशी खरवडून गेली आहे. पहिलीतली मुलं त्याला वजाबाकीच म्हणतात. त्यांचं गणित अजून कच्चं आहे, म्हणून मी मनावर घेत नाही.

मित्रांनो, माझा जन्म पत्र्याच्या एका कारखान्यात झाला. माझ्या बरोबरीच्या काही पेट्या दुकानांच्या गल्ल्यावर गेल्या, काही सुतारांकडे गेल्या. मी शाळेत आले. नवी होते तेव्हा माझं फार कौतुक झालं. मुख्याध्यापकांनी मला प्रार्थनेच्या वेळी उंच धरून सगळ्यांना दाखवलं. आणि मग मला शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटावर ठेवून दिलं आणि सगळे मला विसरून गेले.

वर्षं अशीच गेली. आयोडीन बाटलीतच वाळलं. चिकटपट्ट्या मुलांनी हळूच काढून नेल्या आणि फाटक्या चेंडूला लावल्या. खेळाचे सर माझ्यात शिट्ट्या ठेवू लागले, कुणीतरी खडूचे तुकडे टाकले, आणि एका पालीने माझ्यामागे संसार थाटला. शाळेत रोज कुणीतरी पडायचं, कुणीतरी कुणाला मारायचं. ज्याला लागलं त्याला नळाखाली धरायचे, ज्याने मारलं त्याला दोन छड्या द्यायचे, की झालं. मला कुणी हात लावत नसे.

मग शिवणाच्या बाई आल्या. उंच, सडपातळ, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. दोऱ्याची रिळं ठेवायला काही मिळतंय का ते शोधत त्यांनी मला कपाटावरून खाली काढलं आणि उघडून वास घेतला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "हे औषध आहे की शाई?"

त्यांनी मला साबणाने घासलं, उन्हात वाळवलं, आणि नवा कापूस, पट्ट्या, मलम, लहान कात्री असं सगळं भरलं. शिवणवर्गाच्या खिडकीत, दोन शिवणयंत्रांच्या मधोमध मला जागा दिली. तेव्हापासून ज्याला लागेल तो शिवणवर्गात, असं ठरूनच गेलं.

एक दिवस चौथीतला एक मुलगा कान धरून रडत आला. वर्गातल्या दुसऱ्याने त्याला कंपासपेटी फेकून मारली होती आणि तो मारणारा पळून गेला होता. बाईंनी त्याला बोलावून घेतलं. तो आला तो हात पुढे करूनच. छडी मिळणार, हे त्याने गृहीत धरलं होतं.

"हात पुढे केलास ते बरं केलंस," बाई म्हणाल्या. "ही वाटी धर. मला एक हात कमी पडतोय."

तो गोंधळला, पण त्याने वाटी धरली. बाईंनी कापूस बुडवून कानामागची जखम पुसायला घेतली. ज्याला लागलं होतं त्याने दात आवळून श्वास आत ओढला.

"कुठं कुठं दुखतंय?" बाईंनी विचारलं.

"कानामागे," तो मुलगा म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "आणि याने माझ्या चित्राला सगळ्यांसमोर हसायला नको होतं. ते मी माझ्या आजोबांचं काढलं होतं."

मी खिडकीतून पाहत होते. वाटीतलं पाणी हलायला लागलं. वाटी धरणाऱ्याने आपण होऊन विचारलं, "अजून पाणी आणू का?"

तिथून मारणाऱ्यानेच वाटी धरायची, अशी रीत पडली. मात्र बाई आधी नेहमी ज्याला लागलंय त्याला विचारत, "याला इथे बसू दे का?" तो नको म्हणाला तर मारणाऱ्याने दाराबाहेरच्या बाकावर बसायचं. त्यावर पुन्हा प्रश्न नाही.

मुख्याध्यापकांना हे फारसं पटलं नव्हतं. ते एकदा येऊन म्हणाले, "बाई, ही काय शिक्षा झाली?"

"शिक्षा नाहीच सर," बाई म्हणाल्या. "पण कुणाला मारलं की मुलं पळतात. पळाल्यावर पुढचं काही दिसत नाही. निदान दिसू तरी दे."

मुख्याध्यापकांनी माझ्यातला थोडा कापूस काढून आपल्या दुखऱ्या कानात घातला आणि ते निघून गेले. आमच्या शाळेत याचा अर्थ परवानगी असा होत असे.

आता मी तुम्हाला पाचवीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिला सगळे ठसका म्हणत. ती वर्गात शिरली की ठसका लागावा तसे सगळे अर्ध्या वाक्यावर थांबत, म्हणून ते नाव. तिची वाट अडवली की ती ढकलायची, कुणी चिडवलं की गुद्दा. आठवड्यातून एकदा तरी ती शिवणवर्गात असायची. वाटी धरायची, पण तोंड खिडकीकडे. समोरचा रडत असला तरी तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. काम संपलं की विचारायची, "झालं? जाऊ?"

बाईंची पद्धत तिच्यापुढे हरली, असं मला वाटायला लागलं होतं. पण एक गोष्ट मी पाहिली होती. बाई फळीवरची कात्री घ्यायला नुसता हात वर करायच्या, तरी ठसका मान आत घ्यायची. डोळे मिटायची. क्षणभरच. बाईंनीही ते पाहिलं होतं. त्यांनी एकदा तिच्या मनगटावरच्या निळ्या डागाकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय गं?"

"पडले," ठसका म्हणाली आणि बाही खाली ओढली.

ठसक्याच्या पुढच्या बाकावर एक मुलगी बसायची. कितीही तेल लावलं तरी तिच्या डोक्यावरचे चार केस उभेच राहत, म्हणून तिला शेंडी म्हणत. शेंडी हुशार होती, बोलकी होती, आणि खरं सांगायचं तर तिची जीभ जरा जास्तच चालायची. एक दिवस मधल्या सुट्टीत ती मैत्रिणींना म्हणाली, "ठसक्याचा फ्रॉक बघा, तोच तो रोज. धुवायला काढला तर घरी बसावं लागेल हिला."

सगळ्या हसल्या. ठसका मागेच उभी होती. तिने शेंडीला ओसरीच्या पायऱ्यांवरून ढकललं.

शेंडीचं हाड मोडलं. कोपराच्या खाली. बाईंनी शिवणाची लाकडी पट्टी तिच्या हाताला लावून माझ्यातल्या पट्टीने बांधली. रुग्णालयात न्यायला गाडी येईपर्यंत शेंडी शिवणवर्गात चटईवर पडून होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. बाईंनी विचारलं, "तिला आत येऊ देऊ का?"

"नको," शेंडी म्हणाली. "मला ती दिसायला पण नकोय."

त्यामुळे ठसका बाहेरच्या बाकावर बसली. दार उघडं होतं. ठसक्याला शेंडी दिसत नव्हती, पण तिचं कण्हणं सगळं ऐकू येत होतं. या वेळी "झालं? जाऊ?" असं तिने विचारलं नाही. गाडी गेल्यावरही ती तिथेच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी शेंडीची आई आली. डोळे सुजलेले, आवाज मात्र करडा. "त्या मुलीला शाळेतून काढा. आज हात मोडला, उद्या कुणाचं डोकं फुटेल. तेव्हा काय करणार तुम्ही?"

मुख्याध्यापकांनी मान हलवली. त्यांनाही तेच योग्य वाटत होतं.

बाई म्हणाल्या, "काढलं तर ती दुसऱ्या शाळेत जाईल ताई. राग सोबत घेऊनच जाईल. तिथे कुणाच्या तरी मुलीला लागेल."

"मला जगाचं नका सांगू. माझ्या मुलीच्या आसपास ती दिसता कामा नये."

"नाही दिसणार," बाई म्हणाल्या. "सुट्टीत ती माझ्याजवळ राहील. जाताना-येताना मी सोबत असेन. सत्र संपेपर्यंत वेळ द्या. त्यानंतर तुम्ही म्हणाल तसं करू."

"सत्र संपेपर्यंतच," आई म्हणाली आणि उठली.

असा ठसका आणि माझा सहवास सुरू झाला. रोज मधल्या सुट्टीत ती माझ्याशेजारी बसायची. बाई तिला धुतलेल्या पट्ट्या गुंडाळायला द्यायच्या. पहिल्या गुंडाळ्या इतक्या सैल झाल्या की उचलताच शेपटीसारख्या लोंबायच्या. बाई न रागावता परत उलगडून द्यायच्या.

एका सुट्टीत पहिलीतली एक मुलगी गुडघा खरचटून घेऊन आली. तिचे पुढचे चारही दात पडले होते. तिला सगळे बोळकी म्हणत आणि त्याचा तिला मोठा अभिमान होता. बाई यंत्रावर होत्या, त्यांनी ठसक्याला खुणावलं. ठसक्याने जखम धुतली, मलम लावलं आणि ती उठायला लागली.

"फुंकल लाहिली," बोळकी म्हणाली.

"काय?"

"फुंकल घाल ना. झोंबतंय."

ठसका तशीच बसून राहिली. मग तिने ओठ जवळ आणून फुंकर घातली. मेणबत्ती विझवावी तशी जोरात.

"अशी नाही," बोळकी म्हणाली. "हळू. तुझी आई नाही घालत?"

"मला आई नाही."

बोळकीने यावर जरा विचार केला. मग तिने ठसक्याचा हात धरला आणि बाही वर सारली. कुणी अडवायच्या आतच सारली. दंडावर कमरेच्या पट्ट्याचे वळ होते, एक जुना पिवळा, दोन ताजे.

"तुला पण लागलंय," बोळकी म्हणाली. "थांब. मी दाखवते कशी घालायची."

तिने गाल फुगवून फुंकर घातली. दात नसल्यामुळे वारा कमी आणि थुंकीच जास्त उडाली. पण ती मन लावून घालत होती, एका वळावर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. ठसका हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी गळून माझ्या झाकणावर पडायला लागलं.

शिवणाचं यंत्र थांबलं होतं. बाईंनी बोळकीला वर्गात पाठवलं आणि दार लोटून घेतलं. त्या ठसक्यासमोर खाली चटईवर बसल्या.

"कोण मारतं?" त्यांनी विचारलं.

ठसका कितीतरी वेळ पट्टी गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "बाबा. रोज नाही मारत. माझं चुकलं की मारतात."

"तुझं चुकलं तरी हे बरोबर नाही. यात तुझा दोष नाही, कळलं? हे मी मनात ठेवणार नाही. मला मुख्याध्यापकांना सांगावं लागेल. तुला आधी सांगते आहे, म्हणजे मागाहून फसवलं असं वाटायला नको."

ठसका घाबरली, पण नको म्हणाली नाही.

तिच्या वडिलांना बोलावलं, ते शिवणवर्गातच, बाईंच्या आग्रहाने. ठसक्याच्या मावशीलाही बोलावलं होतं. वडील घरं रंगवायचं काम करत. त्यांच्या नखांत चुना होता. त्यांनी खुर्ची घेतली नाही.

"माझी पोर आहे," ते म्हणाले. "शिस्त नको लावायला? तुमच्याच शाळेत तिने एकीचा हात मोडला ना?"

"मोडला," मुख्याध्यापक म्हणाले. "ते तिला कुणी शिकवलं असेल?"

वडिलांचा चेहरा तापला. "मला माझ्या बापाने असंच वाढवलं. मी काही मेलो नाही."

"मग तुम्हाला आठवत असेल," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुमचे वडील घरी यायच्या वेळेला तुम्ही कुठे लपायचात ते."

वडिलांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

मुख्याध्यापक म्हणाले, "तुमच्यावर राग काढायला बोलावलं नाही. पण हे आता लपून राहणार नाही. पुन्हा तिच्या अंगावर वळ दिसला तर मी गप्प बसणार नाही, आणि जिथे सांगायचं तिथे सांगेन."

"सध्या ती माझ्याकडे राहील," मावशी म्हणाली. "भावजी, तुम्ही या भेटायला. पण पट्टा घरी ठेवून, हात मोकळे घेऊन या."

वडिलांनी मान हलवली. होकार होता की नुसतीच हार, ते मला कळलं नाही. ठसका मावशीकडे राहायला गेली. वडील कधीकधी शाळा सुटताना फाटकाशी येत आणि तिच्याशी चार शब्द बोलून जात. सगळं एकदम गोड झालं, असं मी सांगणार नाही. पण नवे वळ दिसले नाहीत. आणि एका दुपारी पट्टी गुंडाळता गुंडाळता ठसक्याने विचारलं, "बाई, शेंडीला अजून दुखत असेल?"

"असेल."

"रात्री झोपताना हात कुठे ठेवत असेल ती?"

बाईंनी यंत्रावरून मान वर केली नाही. पण त्यांची शिलाई वाकडी गेली, ते मी पाहिलं.

सत्राच्या शेवटी खेळांचा दिवस आला. मला मैदानावर न्यायचं होतं. बाई पुढे तंबूत सतरंज्या घालायला गेल्या, आणि मागून मला दोन्ही हातांत धरून ठसका निघाली. पाण्याच्या टाकीमागे तिला सातवीतल्या तीन मुलांनी गाठलं. मधला शेंडीचा दादा होता.

"फार चांगली झालीस म्हणे," तो म्हणाला. "माझी बहीण डाव्या हाताने लिहायला शिकतेय, माहीत आहे?"

"माहीत आहे," ठसका म्हणाली. "मला जाऊ दे."

त्याने तिला धक्का दिला. मी तिच्या हातून सुटले. माझं झाकण उघडलं, एक बिजागरी तुटली, कापूस मातीत पडला आणि माझी पत्र्याची कड दादाच्या नडगीवर बसली. ठसका खाली पडली होती. उठली तेव्हा तिच्या मुठीत दगड होता.

मित्रांनो, तिच्या मारामाऱ्यांबद्दल मी कितीदा तरी ऐकलं होतं, पण तिला मारताना पाहिलं कधी नव्हतं. तिचा हात खांद्याच्या वर गेला होता. दादा मात्र तिच्याकडे पाहतच नव्हता. तो आपल्या पायाकडे पाहत होता. मोज्यातून रक्त खाली उतरत होतं आणि त्याचे ओठ पांढरे पडत चालले होते. आता तो सातवीतला दांडगा मुलगा दिसत नव्हता. कुणाचा तरी घाबरलेला मुलगा दिसत होता.

ठसक्याने त्याचा चेहरा पाहिला. तिने दगड खाली टाकला.

"बस खाली," ती म्हणाली.

"हात लावू नकोस मला."

"नाही लावत. हा पेटीतला कापूस घे, स्वच्छ आहे. तूच दाब. जोरात दाब. पाय त्या मोठ्या दगडावर ठेव."

तो बसला. त्याचे दोन्ही मित्र नुसतेच उभे होते. ठसक्याने त्यांच्याकडे न पाहता म्हटलं, "एकाने बाईंना बोलवा. दुसऱ्याने पाणी आणा. पिण्याचं आणा, टाकीचं नको." आणि ते दोघेही पळाले.

आरडाओरडा ऐकून शेंडी आली. तिचा हात अजून गळ्यातल्या झोळीत होता. तिने दादाकडे पाहिलं, सांडलेल्या कापसाकडे पाहिलं, आणि मग ठसक्याकडे.

"तू मारलंस याला?"

"नाही," दादाच म्हणाला. त्याची मान खाली होती. "मी ढकललं तिला. पेटी लागली."

ठसक्याने पट्टी काढली. दादाला विचारलं, "बांधू?" त्याने मान हलवली. तिने वेढे घातले, पण तिचे स्वतःचे हात खरचटले होते. शेवटची गाठ काही बसेना.

शेंडी जवळ येऊन गुडघ्यांवर बसली. "मी तुला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"हो," ठसका म्हणाली. "मी फार वाईट ढकललं तुला. तुझं ओरडणं मला अजून ऐकू येतं."

शेंडीने सांडलेला कापूस एका बाजूला सारला. मग म्हणाली, "फ्रॉकचं मी बोलायला नको होतं." आणि तिने आपल्या चांगल्या हाताने पट्टीचं एक टोक धरलं. दुसरं ठसक्याने ओढलं. गाठ बसली.

त्या दोघी जिवलग मैत्रिणी झाल्या नाहीत. शेंडीच्या आईने सत्र संपल्यावर ठसक्याला काढायचा आग्रह मात्र धरला नाही. ती एवढंच म्हणाली, "माझीच पोर काढू नका म्हणते आहे." पुढल्या वर्षी दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसल्या. जिन्यात समोरासमोर आल्या की एकमेकींना वाट देत.

आता त्या मोठ्या शाळेत गेल्या आहेत. बाईंचे केस पिकले आहेत. व्हरांड्यात प्लॅस्टिकची नवी औषधपेटी लागली आहे, छान आहे ती. माझी तुटलेली बिजागरी बाईंनी दोऱ्यानेच बांधली आहे. माझ्यात आता मलम कमी आणि बटणं जास्त असतात. तरी कुणाची भांडणं झाली की पावलं अजून शिवणवर्गाकडेच वळतात.

मित्रांनो, मी पत्र्याची आहे, मला दुखत नाही. पण दुखलेली माणसं मी जन्मभर जवळून पाहिली आहेत, आणि मारणाराही बहुधा कुठेतरी दुखावलेलाच असतो, हे मला उशिरा कळलं. तुम्हाला घरी किंवा बाहेर कुणी मारत असेल तर ते झाकून ठेवू नका. ज्या मोठ्या माणसावर विश्वास असेल त्याला सांगा. त्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. आणि कधी तुमच्याच हातून कुणाला लागलं, तर पळू नका. मागे फिरा, त्याच्या चेहऱ्याकडे पाहा, कुठे दुखतंय ते विचारा. तो जवळ नको म्हणाला तर लांब बसा. पण बसा.